‘चहाला नाही म्हणू नये’ म्हणणाऱ्यांना

गेल्या पावसाळ्यात रांजणगाव एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यातलं कॉफीचं मशीन बंद पडलं. दुरुस्तीचा अंदाज पाहून वरून निरोप आला : मशीन काढून टाका, सगळ्यांना चहाच द्या. पँट्रीचं चहा-साखर-दूध माझ्या खात्यातून, म्हणजे स्टोअर आणि खरेदीतून येतं. त्यामुळे तो निरोप माझ्या टेबलावर येऊन पडला. मशीन गेल्याचं दुःख अख्ख्या कारखान्यात एकाच माणसाला झालं. क्वालिटीतले आमचे अण्णा. मूळचे कर्नाटकातल्या हासनचे. इतकी वर्षं इकडे राहून मराठी आमच्यापेक्षा नीट बोलतात, भरीत-भाकरी मागून खातात. चहा मात्र पीत नाहीत. सकाळी पाळी सुरू होताना एक मग कॉफी, दुपारी तीनला एक. बस्स.

‘अण्णांसाठी कुठला चहा मागवू?’ असं मी टपरीवर सहज विचारलं आणि पस्तावलो. प्रॉडक्शनचे सुपरवायझर शिरूरचे. ते म्हणाले, ‘कुठला म्हंजे? बायपासचा कडक पाजा. दोन दिवसांत कॉफी इसरून जातील.’ अकाउंट्सवाल्यांनी गुळाच्या चहाची शिफारस केली. एचआरच्या मॅडमनी ग्रीन टीच्या पिशव्यांचं खोकं सुचवलं, ‘हेल्दी असतो’ म्हणून. गेटवरच्या काकांनी आलं ठेचून घालायला सांगितलं. आणि टपरीवाल्याने गाळणी किटलीवर आपटत निकालच दिला : ‘चहाला नाय म्हणत नसत्यात सायेब. ती काय दारू हाय का?’

पाच माणसं, पाच सल्ले. पण नीट ऐकलं तर मत एकच. कॉफी हा नखरा आणि चहा हा संस्कार. कॉफी पिणारा म्हणजे ज्याला अजून खरा चहा भेटलेला नाही असा गरीब जीव. त्याला पुरेसा कडक, पुरेसा गोड, पुरेसा मसाल्याचा चहा पाजला की तो माणसांत येतो. नाहीच आला, तर खोट त्याच्या जिभेत. चहात ती असूच शकत नाही. शिरूरपासून दौंडपर्यंत, न्हावऱ्याच्या चौकात, चौफुल्याला, पाटसच्या टोलनाक्याजवळ, कुठेही उभे राहा आणि ‘मी चहा घेत नाही’ एवढं म्हणून बघा. लोक आधी तुमच्या तब्येतीची चौकशी करतील आणि मग तुमच्या घराण्याची.

मी दिवसाला पाच कप चहा पिणारा आहे. केडगावात गुऱ्हाळाच्या धुरात वाढलो, अजून रोज तिथूनच कंपनीच्या बसने येतो. तेव्हा पुढचं सगळं कॉफीवाल्याची कैफियत म्हणून वाचू नये. चहावाल्याचीच तक्रार आहे, चहावाल्यांविरुद्ध.

‘चहा आपला, कॉफी परकी’ यापासूनच सुरुवात करू. आपला म्हणजे कधीपासूनचा? ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटं आली. टिळक आणि रानडे यांच्यासारखी मंडळी हजर होती. गोपाळराव जोशींनी हजर असणाऱ्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि पुण्यात जे ग्रामण्य पेटलं ते थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं. पुढे प्रायश्चित्तं झाली. आक्षेप चहापेक्षा तो देणाऱ्या ख्रिस्ती हातांना होता, हे खरं. पण गंमत बघा. याच पुणे जिल्ह्यात एकेकाळी चहाच्या कपापायी माणसं वाळीत पडत होती, आणि आज कप नाकारला म्हणून पडतात. वाळीत टाकण्याची हौस तीच राहिली, फक्त कपाची बाजू बदलली.

त्या काळी शिरूर-दौंडच्या खेड्यांत आलेल्या माणसाला गूळ-पाणी मिळत होतं, दुभतं असेल तर ताक. चहा आपल्याला कोणी आजीने शिकवलेला नाही, तो विकणाऱ्यांनी शिकवलेला आहे. 1903 साली इंग्रज सरकारने निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाच्या प्रचाराची मोहीम सुरू झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या, खाणी आणि कारखान्यांत चहाचे ठेले उभे राहिले. कामाच्या जागी ठरल्या वेळी चहा मिळण्याची जी पद्धत आपण अनादि-अनंत समजतो, तिच्यात जाहिरातीचा मोठा हात आहे. मळेवाल्यांना गिऱ्हाईक हवं होतं, ते मिळालं. यात वाईट काही नाही, मी त्यांचा आभारी आहे. पण दुसऱ्याच्या जाहिरातीला आपली संस्कृती म्हणायचं आणि शेजाऱ्याच्या कॉफीला नखरा म्हणायचं, याला काय म्हणावं?

आणि कॉफी किती परकी? बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्याची कथा सतराव्या शतकातली आहे. आसामात रॉबर्ट ब्रूसला सिंगफो लोकांकडे चहाचं झाड दिसलं ते 1823 साली. नकाशा काढा आणि दौंडवर बोट ठेवा. चिकमगळूर जवळ की दिब्रुगड? महाराष्ट्रात कॉफी पिकते ती चिखलदऱ्याला; चहाच्या मळ्यासाठी मात्र आपल्याला आसाम नाही तर निलगिरी गाठावी लागते. घराघरांतल्या जुन्या बायका पाहुण्यांना जायफळ-वेलदोड्याची कॉफी करत, ती काय इंग्रजी मासिकात वाचून? दौंडकरांनी तर हे बोलूच नये. मुंबई-मद्रास रेल्वे 1871 साली रायचूरला जोडली गेली, आणि त्या वाटेवरचं आपलं दौंड. मद्रासकडच्या गाडीत ‘चाय, चाय’च्या पाठोपाठ ‘कापी, कापी’ ही आरोळी ऐकत आमच्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. स्टेशनावर कॉफी पिणारा माणूस आम्हाला कधी उपरा वाटला नाही. मग कंपनीच्या गेटच्या आतच तो उपरा कसा होतो?

आता ‘कडक’कडे येतो. सगळ्या सल्ल्यांचा कणा हाच आहे. कॉफी कडक असते, म्हणून कॉफीवाल्याला कडक चहा द्या. ऐकायला इतकं सरळ वाटतं की कोणी थांबून विचारतच नाही, कडक म्हणजे नेमकं काय?

तरतरी म्हणायची असेल तर आकडे आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांच्या हिशेबाने 150 मिलीच्या कपात गाळलेल्या कॉफीतून 80 ते 120 मिलिग्रॅम कॅफिन मिळतं, इन्स्टंट कॉफीतून 50 ते 65, आणि चहातून 30 ते 65. आमच्या मशीनची कॉफी इन्स्टंट. म्हणजे चांगला चहा कॉफीच्या अगदी जवळ पोचू शकतो. पण 150 मिलीत! टपरीवरचा कागदी कप किती असतो? 60-70 मिली, तोही वरून दोन बोटं रिकामा. त्यातून मिळणार 13 ते 28 मिलिग्रॅम. अण्णा दोन मग पीत होते. तेवढं कॅफिन टपरीच्या हाफमधून मिळवायचं तर पाच-सहा वेळा गेटबाहेर जावं लागेल, आणि मग क्वालिटी कोण बघणार?

रोजचं कॅफिन अचानक तुटलं की बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकू लागतं. हे साधं वैद्यकीय सत्य आहे. मशीन गेल्यावर पहिले दोन दिवस अण्णांचं डोकं दुखत होतं. आमच्याकडे त्याचं निदान काय झालं? ‘बघा, कॉफीची सवय किती वाईट!’ हे म्हणणारे सद्गृहस्थ श्रावणातल्या कडक उपासालाही चहा सोडत नाहीत. का? तर ‘चहा नाही घेतला की डोकं चढतं.’ आपलं डोकं दुखलं तर ती गरज, दुसऱ्याचं दुखलं तर व्यसन!

पण तरतरी हा त्यांच्या ‘कडक’चा खरा अर्थ नसतोच. त्यांना म्हणायचं असतं रंग. वीटकरी, दाट, चमचा उभा राहील असा. हा रंग कुठून येतो? 1930च्या दशकात आसामच्या आमगुरी मळ्यात विल्यम मॅकर्चर याने पानं दातेरी रुळांतून चिरडण्याचं, फाडण्याचं आणि वळण्याचं यंत्र बसवलं. तीच आपली सीटीसी पावडर. पटकन उतरते, भरपूर रंग देते, थोडक्यात जास्त कप होतात. टपरीच्या धंद्याला यापेक्षा सोयीचं काही नाही, आणि मी तिला नावं ठेवणार नाही, माझ्या घरीही तीच आहे. पण ती पावडर दुधात घालून वीस मिनिटं रटरटा उकळायची, पातेलं आटलं की वर पुन्हा पाणी आणि पुन्हा चिमूट, सकाळचा चोथा दुपारपर्यंत तळाशी, यातून जे उतरतं ते तरतरी नसून टॅनिन असतं. शिरूरच्या कोरडवाहू पट्ट्यात बाभळीला तोटा नाही. त्या बाभळीची साल कातडं कमवायला का वापरतात? याच गुणासाठी. दूध घातल्यामुळे जिभेला त्याचा तुरटपणा कमी जाणवतो, एवढंच.

इथे आपली सगळ्यात मोठी गल्लत होते. कॉफी कडू असते. उकळलेला चहा तुरट असतो. आपल्याच शास्त्राने सहा रस सांगताना तिक्त वेगळा ठेवला आणि कषाय वेगळा. कारल्याच्या भाजीवर प्रेम असणाऱ्याला तुम्ही कच्चं केळफूल वाढाल का? वाढून वर म्हणाल का, ‘घ्या की, हेही कडक आहे’? कॉफीचा कडूपणा बी भाजल्याने येतो. त्याला भाजलेल्या शेंगदाण्याचा, करपट कडेचा एक सुगंध असतो. चहाचा तुरटपणा पानातला. एकाची भूक दुसऱ्याने भागवता येत नाही, आणि ज्या चहाला आपण कॉफीच्या तोडीचा समजून पुढे करतो तोच नेमका कॉफीपासून सर्वांत लांबचा असतो. आसामच्या चांगल्या चहात थोडी माल्टची, भाजक्या धान्याची चव असते. ती कॉफीवाल्याला ओळखीची वाटू शकते. पण वीस मिनिटांच्या उकळीत पहिला बळी तिचाच जातो.

चहाची परीक्षा घेणारे धंदेवाईक चाखणारे तरी चहा उकळतात का? त्यांच्यासाठी आयएसओ 3103 असं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. शंभर मिली उकळत्या पाण्याला दोन ग्रॅम पान, सहा मिनिटं झाकून ठेवायचं, गाळायचं. खाली जाळ नाही. लाखो रुपयांच्या मालाचा निकाल अशा कपावर लागतो. आमचे सुपरवायझर म्हणतील, त्यांना काय कळतंय चहातलं.

मसाल्याबद्दल फार बोलत नाही. आलं मलाही आवडतं. पण मसाला हा चहा आवडणाऱ्याच्या चहाचा दागिना आहे. ज्याला मुळात दुधाळ-गोड-उकळलेलं नको आहे, त्याचं मन वेलदोड्याने कसं वळेल?

गुळाच्या चहावर मात्र बोललंच पाहिजे, कारण तो माझ्या गावचा विषय आहे. केडगाव-चौफुला पट्ट्यातली गुऱ्हाळं, त्यांचा वास, काकवीने भरलेला वाडगा, हे माझं बालपण. म्हणूनच रस्त्यारस्त्यावर ‘आरोग्यदायी गुळाचा चहा’ अशी पाटी दिसली की मला आनंद कमी आणि चीड जास्त येते. गूळ म्हणजे उसाचाच रस आटवलेला. त्यात थोडी खनिजं राहतात, चव छान असते. बाकी बहुतांश साखरच. माझ्या शेजारचा गुऱ्हाळवाला हे शपथेवर सांगेल. जागतिक आरोग्य संघटना दिवसाची वरून घेतलेली साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, म्हणजे साधारण पाच चमचे. सहा हाफ आणि प्रत्येकात एक चमचा धरला तरी तीस ग्रॅम झाले, गूळ घातला म्हणून हिशेबाचं पान फाटत नाही. आणि पाटीवाल्यांतले निम्मे तर गूळ उकळत्या दुधात टाकून दूध नासवतात, मग नासू नये म्हणून पावडरचं दूध वापरतात. पातेलं उतरवून शेवटी गूळ घालायचा असतो, हे केडगावच्या कुठल्याही बाईला विचारा. तर ज्या अण्णांच्या मगमध्ये अर्धा चमचा साखर जात होती, त्यांना हा गोड कप देऊन आपण त्यांच्या कुठल्या आरोग्याची काळजी घेत होतो?

ग्रीन टीचं खोकं मी खरंच मागवलं. मॅडमचा मान ठेवायचा होता. आमच्या पँट्रीतल्या पोऱ्याने खळखळ उकळतं पाणी त्या पिशवीवर ओतलं आणि वाफाळता कप अण्णांपुढे ठेवला. हिरव्या पानाला सत्तर-ऐंशी अंशांचं पाणी पुरतं, उकळत्यात ते होरपळतं आणि पालापाचोळा शिजवल्यासारखं लागतं. अण्णा सभ्य माणूस. त्यांनी कप पूर्ण प्यायला, रुमालाने तोंड पुसलं आणि विचारलं, ‘हे औषध दिवसातून किती वेळा?’ कॉफीतला भाजका वास, रंग, जडपणा, यातलं एकही ज्यात नाही तो चहा कॉफीला पर्याय म्हणून सुचवणं म्हणजे मटण बंद झालेल्या माणसाला काकडी सुचवणं. काकडी चांगलीच असते हो. प्रश्न तो नव्हता.

आता शेवटचं आणि सगळ्यात हट्टी विधान : चहाला नाही म्हणू नये. या वाक्यात चहा कुठे आहे? यात आहे तो पाजणारा. नीट ऐका, आपण काय म्हणतो : ‘माझ्याकडचा चहा घेतला नाही’, ‘आमच्या घरचं पाणीसुद्धा शिवला नाही’, ‘एवढा आग्रह केला तरी मान ठेवला नाही’. पिणाऱ्याची तहान, त्याचं पित्त, त्याचं मधुमेहाचं कार्ड, त्याची सवय यांचा उल्लेख नाही. पँट्रीत, टपरीवर, साहेबाच्या केबिनमध्ये चहा पुढे सरकवताना आपण समोरच्याची जीभ पाहतच नाही, आपली अब्रू पाहतो. म्हणून तो दुधाचा हवा, गोड हवा, दाट हवा. कारण दूध-साखर म्हणजे ऐपत, आणि ती कमी दिसली तर आपली लाज.

आणि म्हणूनच, या सगळ्या मंडळींनी जो एक चहा सुचवला नाही, तोच नेमका कॉफीवाल्यासाठी योग्य होता. कोरा चहा.

मी तो सुचवला तेव्हा टपरीवर जी शांतता पसरली ती अजून आठवते. कोरा? अण्णांना? एक जण तर म्हणाला, ‘काय राव, त्यांच्या घरी काय सुतक हाय का?’ आपल्याकडे कोरा चहा म्हणजे दूध परवडत नाही त्याचा, तापाने पडलेल्याचा, पहाटे गोठ्यातलं दूध डेअरीला गेल्यावर घरात उरलेल्यांचा. दुष्काळाची आठवण आहे ती. ज्यांच्या आयांनी ती वर्षं कोऱ्यावर काढली, त्यांना पाहुण्यापुढे कोरा ठेवताना हात थरथरतो. हे मला कळतं, कारण माझ्याही आईचा थरथरतो. एवढी एक गोष्ट मी विरुद्ध पक्षाला देऊन टाकतो. पण आपल्या दुष्काळाची लाज अण्णांच्या कपात दूध बनून का पडावी? ज्या सिंगफो लोकांकडून हिंदुस्थानातल्या चहाची गोष्ट सुरू झाली, ते आपला ‘फालाप’ बांबूत ठासून, धुरावर सुकवून, दुधाशिवायच पितात. त्यांना कोणी सुतक विचारत नाही.

मग मी काय केलं ते सांगतो. सुपरवायझरांची परवानगी न घेता. आसामचा दाणेदार चहा, नेहमीच्या पावडरपेक्षा जरा महाग, अर्धा किलो. मोठा मग. मगभर पाण्याला एक भरलेला चमचा. पाणी उकळलं की आच बंद, मग पान घालायचं, झाकण, चार मिनिटं घड्याळ लावून. गाळायचा. साखर बाहेर, डब्यात. पहिल्या दिवशी अण्णांनी वास घेतला आणि म्हणाले, ‘हा माणसासारखा लागतो.’ मला वाटतं, एखाद्या चहाला कॉफीवाल्याकडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मिळणार नाही.

हासनकडचे सगळे काही कोरे पिणारे नसतात, हेही मला ठाऊक आहे. कॉफीवाल्यांत दुधाचे भक्तच जास्त. त्यांच्यासाठीही उकळणं हा उपाय नाही. ते कॉफी करताना काय करतात ते बघा : डिकॉक्शन वेगळं, तापलेलं दूध वेगळं, कपात गाठ. चहाचंही तसंच करा. घट्ट डिकॉक्शन एका थर्मासात, गरम दूध दुसऱ्यात. ज्याला जितकं हवं तितकं. ‘असा कुठं चहा असतो का?’ असतो. पुण्याच्या इराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या असाच असतो, आणि त्या कपासाठी आपल्याकडचे लोक रविवारी गाडी काढून कॅम्पात जातात, फोटोही टाकतात. तिथे तो ऐतिहासिक चहा. रांजणगावात तोच केला की नखरा!

खर्चाचा मुद्दा काढणाऱ्यांसाठी खरेदीखात्याचा माणूस म्हणून एकच सांगतो. उरलेला, गार झालेला, पुन्हा उकळून चिकट झालेला आणि संध्याकाळी बेसिनमध्ये ओतलेला दुधाचा चहा कोणी कधी मोजला आहे का? मी मोजला. मोजायला लागल्यापासून तक्रारी थांबल्या.

एक गोष्ट जाता जाता. त्याच राष्ट्रीय पोषण संस्थेने जेवणाच्या आधी आणि नंतर एक तास चहा-कॉफी टाळा असं सांगितलं आहे, कारण टॅनिन अन्नातलं लोह शोषू देत नाही. आमच्याकडे डबा बंद होताच किटली येते. चहाचे संस्कार शिकवणाऱ्यांनी निदान हा एक शिकवावा. कॉफीवाल्याला सुधारण्याआधी स्वतःच्या डब्यानंतरचा एक तास सुधारून दाखवा, मग तुमच्या कडकचं बोलू.

‘कॉफी पिणाऱ्याला कुठला चहा चांगला?’ हा प्रश्नच उलटा विचारला जातो. त्याला वळणावर आणायला कुठला चहा, असा त्याचा खरा अर्थ असतो. कोणालाही वळणावर आणायचं नाही. तो चुकलेला नाही, आजारी नाही, उपरा नाही. ज्या दिवशी कॉफी मिळत नाही त्या दिवशी त्याला काहीतरी गरम, कडसर, स्वतःच्या हिशेबाने गोड किंवा बिनगोड प्यायचं आहे, एवढाच विषय आहे. त्याच्या कपात काय पडावं हे ठरवायचा हक्क शिरूरच्या बायपासचा नाही, केडगावच्या गुळाचा नाही, एचआरच्या खोक्याचा नाही आणि माझ्या खरेदीखात्याचाही नाही. कपाला ज्याचे ओठ लागणार, त्याचा आहे. आपण इतकी वर्षं त्याच्या घशात जे ओतत आलो त्याला आपुलकी म्हणत होतो. ती दांडगाई होती.

उद्या तुमच्या शेजारी टपरीवर कोणी चहा न घेणारा उभा असेल, तर ‘घ्या की हो, अर्धा तरी घ्या’ हे तोंडात आलेलं वाक्य गिळा. दोनच प्रश्न विचारा : दूध किती, साखर किती. दोन्हींना ‘नको’ म्हणाला, तर टपरीवाल्याला मोठ्याने सांगा, एक कोरा, फुल्ल. त्यालाही ‘नको’ म्हणाला, तर ‘बरं’ म्हणा आणि आपला प्या.